सातवा महिना, हिमोग्लोबिन ८.४, लोहाची गोळी पोटात टिकत नाही. नेमकं काय बदलायचं?

गोदाकाठ_परभणी

मंडळी नमस्कार. बायकोचा २७वा आठवडा चालू आहे, पहिलीच वेळ. वय २३, दिवस जायच्या आधी वजन ४५ किलो, आता ५१. तिसऱ्या महिन्यात हिमोग्लोबिन ९.६ होतं, परवा ८.४ आलं. उपकेंद्रातून लाल गोळ्या मिळतात, रोज एक घेते म्हणते. पण घेतली की मळमळतं, आठवड्यातून दोनदा तरी उलटून पडते. शौचाला काळी आणि घट्ट होते.

दिवस असा : सहाला चहा, त्याआधी ॲसिडिटीची गोळी. दहाला भाकरी-भाजी, त्यावर परत चहा. दुपारी दोनला जेवण, त्यानंतर कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकदमच, म्हणजे विसर पडत नाही. चारला चहा. रात्री वरण-भात.

घरात बीट आणि डाळिंबाचा मारा सुरू आहे. शेजारच्या काकू म्हणतात लाल गोळीनं बाळ काळं होतं, आणि मोठं झालं की बाळंतपण अडतं. पुढच्या आठवड्यात ओटी भरून ती माहेरी जाणार आहे, किनवट तालुक्यात. रक्त चढवावं लागेल का, सलाईनमधून लोह देतात ते कितपत बरं, आणि गोळी पोटात कशी टिकवायची, एवढं सांगा.

सिस्टर_उपकेंद्र

दादा, तुम्ही दिनक्रम लिहिला ते फार बरं केलं, कारण दुखणं तिथंच आहे. वहिनी गोळी घेतात, पण त्यातलं लोह रक्तात जायला वाटच मिळत नाही. कॅल्शियम आणि लोह एकाच वेळी पोटात गेलं की कॅल्शियम लोहाला अडवतं. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि ते तसंच शौचावाटे निघून जातं. सकाळच्या ॲसिडिटीच्या गोळीनं पोटातलं आम्ल कमी होतं, आणि लोह विरघळायला तेच आम्ल लागतं. तीन अडथळे पार करून गोळीतलं किती उरणार?

आता असं करा. कॅल्शियम न्याहारीनंतर एक आणि दुपारच्या जेवणानंतर एक, ५०० मिग्रॅच्या दोन. लोहाची गोळी रात्री, जेवणानंतर दोन तासांनी, झोपायच्या आधी, अर्ध्या लिंबाच्या पाण्याबरोबर. मळमळ सुरू व्हायच्या आत झोप लागते, म्हणून बहुतेकींना रात्रीची वेळ मानवते. रिकाम्या पोटी अजिबातच सोसत नसेल तर दोन घास भाकरीबरोबर घ्या, थोडं कमी शोषलं जाईल पण उलटून पडण्यापेक्षा बरं. दुधाबरोबर मात्र कधीच नाही. गोळीच्या आधी एक तास आणि नंतर एक-दोन तास चहा बंद. ॲसिडिटीची गोळी खरंच रोज लागते का ते डॉक्टरांना विचारा, बऱ्याचदा एकदा लिहून दिलेली गोळी महिनोन्महिने चालू राहते.

दुसरी गोष्ट, डोस. लाल गोळीत ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. रोज एक हा डोस हिमोग्लोबिन ११ किंवा वर आहे अशा बाईचा, चौथ्या महिन्यापासून १८० दिवस. ७ ते १०.९ च्या मधे असेल तर रोज दोन. तिसऱ्या महिन्यात ९.६ आलं तेव्हाच, चौथा लागल्याबरोबर दोन सुरू व्हायला हव्या होत्या. दुसरी गोळी सकाळी अकराला, म्हणजे न्याहारीनंतर तासाभरानं घ्या, दहाचा चहा तेवढा सोडावा लागेल. न्याहारीनंतरचं कॅल्शियम मग संध्याकाळी पाचला हलवा. पहिले चार-पाच दिवस फक्त रात्रीची एकच, ती पोटात बसली की दुसरी. आशाताईंकडून महिन्याला ३० नाही, ६० गोळ्या मागून घ्या.

काळी शौच म्हणजे न शोषलेलं लोह, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डांबरासारखी चिकट, दुर्गंधी असलेली आणि सोबत चक्कर असेल तर मात्र त्याच दिवशी दवाखाना. घट्ट होते त्याला पाणी वाढवा, उन्हाळा तोंडावर आहे. तरीही नाही जमलं तर रात्रीच्या जेवणाआधी दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यात, पण गोळीपासून दोन तास लांब.

जंताची गोळी, अल्बेन्डाझोल ४०० मिग्रॅ, चौथ्या ते सहाव्या महिन्यात एकदा देतात. कार्डावर तिची नोंद आहे का पहा, नसेल तर विचारा.

आणि काकूंना सांगा, बाळाचा रंग आई-बापावर जातो. गोळीनं बाळ अडण्याइतकं मोठं होत नाही, उलट आईच्या अंगात रक्त नसेल तर बाळंतपण जास्त अवघड होतं.

औषधवाला_लातूर

सिस्टरनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त पाकिटाबद्दल लिहितो. बाहेरून गोळी आणणार असाल तर नाव बघू नका, मागच्या बाजूचं 'एलिमेंटल आयर्न' म्हणजे प्रत्यक्ष लोह किती ते बघा. फेरस सल्फेट २०० मिग्रॅ लिहिलं म्हणजे लोह २०० नसतं, साधारण ६० ते ६५ मिग्रॅ असतं. फेरस फ्युमरेट १५२ मिग्रॅमध्ये ५० मिग्रॅच्या आसपास. फेरस ॲस्कॉर्बेटच्या गोळ्यांवर बहुतेक १०० मिग्रॅ हे थेट लोहाचंच प्रमाण लिहिलेलं असतं. म्हणून सरकारी गोळी हलकी आणि महागाची भारी असं काही नाही. मळमळ फारच असेल तर लोहाचा क्षार (सल्फेट, फ्युमरेट वगैरे) बदलून बघता येतो, ते डॉक्टर ठरवतील.

रक्तवाढीची टॉनिकं हा वेगळाच बाजार आहे. चमच्याचं माप वाचलं तर कित्येकांमध्ये लोह इतकं कमी असतं की ८.४ वरून ११ वर यायला बाटल्यांची रांग लागेल. पातळ औषध घेतलंच तर स्ट्रॉनं घ्या आणि चूळ भरा, दात काळवंडतात.

थायरॉईडची गोळी कुणी घेत असेल तर तिच्यात आणि लोहात चार तासांचं अंतर. गोळ्या ओल्या, चिकट किंवा रंग उडालेल्या असतील तर बदलून घ्या. घरात लहान मूल असेल तर पाकीट उंचावर ठेवा. लाल, गोड आवरणाची गोळी मुलांना चॉकलेट वाटते, आणि लोहाची विषबाधा जिवावर बेतते. ही सूचना पाकिटावर असते, पण ती वाचतो कोण.

कट्ट्यावरचा

एक दिवसाआड गोळी घेतली तर जास्त शोषली जाते असं वाचलं होतं. त्रासही कमी. मग रोज दोन कशाला?

सिस्टर_उपकेंद्र

त्या अभ्यासातल्या बायका गरोदर नव्हत्या. गोळी घेतल्यावर शरीर जवळपास दिवसभर लोहाचा दरवाजा अर्धा लावून घेतं हे खरं, पण इथं हातात बारा-तेरा आठवडे उरलेत आणि भरून काढायची तूट मोठी आहे. गरोदर बाईनं आपल्या मनानं डोस कमी करू नये. सोसत नसेल तर डॉक्टरांना सांगून बदलावा.

गोदाकाठ_परभणी

सगळ्यांचे आभार. रक्ताचा पूर्ण रिपोर्ट आता सापडला. आरबीसी (तांबड्या पेशींची संख्या) ३.७, एमसीव्ही (त्या पेशींचा सरासरी आकार) ६८, आरडीडब्ल्यू (आकारातली तफावत) १८.५, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट ठीक. कार्डावर जंताच्या गोळीची नोंद नाही.

आणखी एक, लिहायला जरा संकोच वाटतो. ती पाटीवरची पेन्सिल खाते. दिवसाला चार-पाच. घरचे म्हणतात डोहाळे आहेत, खाऊ दे.

लॅबमधला_नांदेड

संकोच करू नका, ही माहिती रिपोर्टाइतकीच महत्त्वाची आहे. पेन्सिल, भिंतीची माती, खापर, कच्चे तांदूळ, बर्फ असं काहीबाही खायची ओढ हे बऱ्याचदा लोहाच्या कमतरतेचंच लक्षण असतं. डोहाळे म्हणून सोडून देऊ नये. वर माती पोटात गेली की ती लोहाला बांधून ठेवते आणि तिच्यातून जंतही जातात. म्हणजे कमतरतेमुळे माती, आणि मातीमुळे आणखी कमतरता. रागावून ही सवय सुटत नाही, लोह भरत आलं की ओढ आपोआप कमी होते. तोवर हाताशी भाजलेले फुटाणे ठेवा, कुरकुरीत काहीतरी चघळायला मिळतं. वहिनी शेतात अनवाणी जात असतील तर चप्पल घालायला सांगा, अंकुशकृमी पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो.

आता आकडे. एमसीव्ही ८० च्या खाली म्हणजे तांबड्या पेशी लहान. लहान पेशींची दोन नेहमीची कारणं, लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वाहक असणं. ढोबळ हिशोब असा : एमसीव्हीला आरबीसीनं भागा. ६८ भागिले ३.७ म्हणजे १८.४. १३ च्या वर असेल तर कल लोहाच्या कमतरतेकडे, खाली असेल तर थॅलेसेमियाचा संशय. आरडीडब्ल्यू वाढलेला, तेही लोहाच्याच बाजूचं. पण हा कल झाला, निदान नव्हे. माहेर किनवटकडचं आहे, त्या पट्ट्यात सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यामुळे सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी एकदा करून घ्याच, ती साधी आणि स्वस्त असते. ती पॉझिटिव्ह आली किंवा गोळ्या नीट घेऊनही पेशी लहानच राहिल्या तर एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी तपासणी, त्यात सिकल आणि थॅलेसेमिया दोन्ही कळतात. वहिनी वाहक निघाल्या तर तुमचीही चाचणी लागेल.

एमसीव्ही १०० च्या वर आलं असतं तर गोष्ट उलटी, मग बी-१२ किंवा फॉलिक ॲसिड बघावं लागतं. नुसतं 'रक्त कमी' असं लिहिलेल्या चिठ्ठीवर समाधान मानू नका, पूर्ण रिपोर्ट मागा.

पुढच्या तपासणीबद्दल एक सूचना. बोटाला टोचून केलेली आणि मशीनवर केलेली तपासणी यांत फरक येतो. बोट दाबून दाबून थेंब काढला तर त्यात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं आणि आकडा खोटाच कमी दिसतो. चार आठवड्यांनी तुलना करायची आहे, तेव्हा दोन्ही वेळा शिरेतून रक्त आणि मशीनवरचं सीबीसी, म्हणजे रक्ताचा पूर्ण रिपोर्ट.

भाकरीचा_हिशोब

बीट-डाळिंबाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. लाल रंगाचा आणि लोहाचा संबंध नाही. दोन्हींत लोह फार थोडं आहे. खायला हरकत नाही, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. १०० ग्रॅम बाजरीत सहा-साडेसहा मिग्रॅ लोह असतं, ज्वारीत चारच्या आसपास, आणि त्यातलं अंगी लागतं शंभरात पाच ते आठ. दोन गोळ्यांमधलं १२० मिग्रॅ लोह बाजरीतून घ्यायचं तर दिवसाला जवळपास दोन किलो पीठ लागेल. म्हणून आहार हा गोळीच्या जागी नाही, गोळीच्या जोडीला.

जोडीला मात्र तो भक्कम करता येतो, आणि त्यासाठी बाजारात जायला लागत नाही. धान्यातलं आणि डाळीतलं लोह फायटेट नावाच्या घटकानं बांधलेलं असतं. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यांनी ती गाठ सैल होते. येळवशीला (वेळ अमावस्येला) आपण आंबील करतो ती वर्षातून एकदाच का? ज्वारीचं पीठ रात्रभर पाण्यात आंबवून सकाळी शिजवा. ताक फक्त विरजणापुरतं चमचाभर घाला, जास्त नको, त्यात पुन्हा कॅल्शियम आहे. मटकी, हरभरा मोड आणून खा. अंबाडी लोखंडी कढईत शिजवा, तिच्या आंबटपणानं कढईचं लोह भाजीत उतरतं. चिंचेची आमटीही तशीच. भाजी कढईत ठेवून देऊ नका, शिजली की काढून घ्या, नाहीतर चव बिघडते आणि मग घरात कुणी खात नाही. शेवग्याचा पाला, राजगिरा, तांदुळजा, करडईची भाजी जे मिळेल ते घ्या, पण एका पालेभाजीवर सगळी भिस्त नको.

प्रत्येक जेवणात काहीतरी आंबट, कच्चं. लिंबू भाजी उतरवल्यावर पिळा, उकळीत क जीवनसत्त्व टिकत नाही. पेरू, आवळा, जालन्याची मोसंबी, काहीही चालेल. शेंगदाण्याची चटणी आणि तीळ आपल्याकडे असतातच. मांसाहार चालत असेल तर मटण-कोंबडीतलं लोह कितीतरी सहज अंगी लागतं आणि सोबतच्या भाकरीतलंही ओढून घेतं. कलेजी मात्र रोज नको, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं आणि गरोदरपणात ते अती झालेलं चांगलं नाही. गूळ चहाच्या चमच्यानं. सातव्या महिन्याच्या आधी-मागे ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन साखर तपासतात, ती झाली नसेल तर करून घ्या आणि १४० किंवा वर आली तर गूळ-खजुराचा सल्ला देणाऱ्यांना नम्रपणे नकार द्या.

गोदाकाठ_परभणी

साखर ११२ होती. पेन्सिलचं आता कळलं. सलाईनमधून लोह द्यायची वेळ कधी येते? आणि ती माहेरी असेल तेव्हा हे सगळं कोण बघणार?

सिस्टर_उपकेंद्र

हाच कळीचा प्रश्न. सातव्यात ओटी भरली की बाई सासरच्या यादीतून निघते आणि माहेरच्या यादीत चढायला तीन-चार आठवडे जातात. त्या मधल्या काळात ना गोळ्या, ना तपासणी. तुमच्या हिशोबात नेमकी निर्णयाची तारीख त्याच आठवड्यांत येते.

म्हणून आजच कॅलेंडरवर खूण करा. दोन गोळ्या नीट सुरू झाल्यापासून चार आठवड्यांनी सीबीसी. तेव्हा ३१-३२वा आठवडा असेल. हिमोग्लोबिन निदान १ नं वाढायला हवं, म्हणजे ९.४. वाढलं तर गोळ्या चालू. नाही वाढलं किंवा गोळी टिकतच नाही असं दिसलं, तर 'अजून महिनाभर बघू' म्हणायचं नाही, सरळ ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात शिरेतून लोह. ३४ आठवडे उलटून गेल्यावर दिलं तर रक्त तयार व्हायला वेळ कमी उरतो. पहिल्या तीन महिन्यांत ते देत नाहीत, नंतर चालतं.

किती लागेल याचा हिशोब डॉक्टर असा करतात : गरोदरपणाआधीचं वजन, गुणिले हिमोग्लोबिनची तूट (११ वजा ८.४), गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. वहिनींचं ४५ × २.६ × २.४ म्हणजे २८१, अधिक ५००, म्हणजे साधारण ८०० मिग्रॅ. आयर्न सुक्रोज असेल तर २०० मिग्रॅ १०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये वीस-तीस मिनिटांत, एक दिवसाआड, आठवड्याला ६०० च्या वर नाही. म्हणजे चार फेऱ्या, पहिल्या आठवड्यात तीन आणि पुढच्यात एक. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज असेल तर एकाच बैठकीत १००० मिग्रॅपर्यंत देता येतं, नेमकं किती ते वजनावर ठरतं. लांबच्या गावाला हे सोयीचं, फक्त त्या रुग्णालयात आहे का ते आधी विचारा.

देताना सुई शिरेतच आहे याची खात्री हवी. औषध बाहेर झिरपलं तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो लवकर जात नाही. हाताला जळजळ वाटली की लगेच सांगायचं, सहन करत बसायचं नाही. संपल्यावर अर्धा तास तिथंच थांबायचं. ताप किंवा जंतुसंसर्ग असेल त्या दिवशी देत नाहीत. लोहाच्या गोळ्या त्या काळात बंद, शेवटच्या डोसनंतर पाच दिवसांनी परत सुरू. घरी किंवा सलाईन लावून देणाऱ्या कुठल्याही छोट्या दुकानात हे घेऊ नका. क्वचित कुणाला तीव्र ॲलर्जी येते आणि तिच्यावर उपचाराची तयारी जवळ लागते.

रक्त चढवायचं का, तर ८.४ ला आत्ता नाही. ७ च्या खाली गेलं तर मोठ्या रुग्णालयात उपचार, ५ च्या खाली गेलं तर लगेच भरती आणि रक्त. आकडा काहीही असो, बसल्या जागी धाप लागणं, आडवं झोपल्यावर श्वास अडकणं, छातीत धडधड, तोंडावर सूज यातलं काही दिसलं तर १०८ ला फोन.

माहेरी जाताना माता-बाल संरक्षण कार्ड, आरसीएच (सरकारी माता-बाल आरोग्य) नोंदणी क्रमांक, सगळे रिपोर्ट आणि दोन महिन्यांच्या म्हणजे १२० लाल गोळ्या सोबत द्या. जायच्या आधी तिथल्या आशाताईंचा नंबर आपल्या आशाताईंकडून घ्या, आणि पोचल्या की पहिल्या दोन दिवसांत त्यांना कार्ड दाखवा. महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, ती गाठा. रक्तगट कार्डावर लिहिलेला आहे का बघा, गट निगेटिव्ह असेल तर तेही वेळेत सांगावं लागतं.

आशाताई_किनवट

इकडची बाजू सांगते. ऊसतोडीला गेलेल्या घरांत हीच अडचण येते, दिवाळीनंतर गेलेली बाई उन्हाळ्यात परत येते आणि मधे नोंदच नसते. वहिनी तर घरीच येणार आहेत, काम सोपं आहे. फक्त येण्याच्या आधी फोन हवा, आल्यावर नव्हे.

बाळंतपण कुठं करायचं ते आठव्या महिन्यातच ठरवा. हिमोग्लोबिन १० च्या खाली राहिलं तर प्राथमिक केंद्रापेक्षा रक्तसाठ्याची सोय असलेलं रुग्णालय. बाळंतपणात अर्धा लिटर रक्त गेलं तरी धडधाकट बाईला फार फरक पडत नाही, ८ वाल्या बाईला ते झेपत नाही. गाव आडबाजूला असेल तर गाडी कोणाची, रात्री कोण येणार, रक्त द्यायला घरचे दोघं कोण, हे आधीच बोलून ठेवा. ने-आण करायला १०२ ची गाडी मोफत असते, सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं आणि रक्तही मोफत असतं.

बाळ झाल्यावर नाळ लगेच कापू नका असं आधीच सांगून ठेवा. बाळ नीट रडलं, श्वास चांगला असला तर एक ते तीन मिनिटं थांबतात, तेवढ्यात बाळाला स्वतःचा लोहाचा साठा मिळतो. बाळंतपणानंतरही लाल गोळी १८० दिवस चालू ठेवायची. सव्वा महिन्यात घरचे 'आता कशाला' म्हणतात आणि पाकीट कोनाड्यात पडून राहतं. हळिवाचे लाडू त्यावेळी खुशाल द्या, गोळी बंद करून नव्हे. बाळाला सहा महिने अंगावरचं दूध, उन्हाळा असला तरी वरचं पाणी नाही. सहा महिने झाले की लोहाचं पातळ औषध आठवड्यातून दोनदा एक मिली, बाटली माझ्याकडूनच मिळेल.

गोदाकाठ_परभणी

रात्रीची गोळी लिंबू-पाण्याबरोबर कालपासून सुरू केली, उलटून पडली नाही. कार्डाचे फोटो काढून ठेवलेत. आशाताई, तुमच्या गटातल्या ताईंचा नंबर आमच्या आशाताईंना विचारतो. सिकलसेलची चाचणी इकडंच करून निघू की तिकडं?

लॅबमधला_नांदेड

इकडंच करून रिपोर्ट कार्डाला टाचून द्या. तिकडं पोचल्यावर पहिला प्रश्न तोच विचारतील.